नळी लांब की आखूड?

अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत नरनाळ्याचा किल्ला आहे. पायथ्याशी शहानूर गाव. तेथून वनखात्याची परवानगी घेऊन वर जावे लागते, कारण किल्ल्याभोवतीचे रान आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते. वऱ्हाडातील शाळांच्या सहली येथे हमखास येतात. १४८७ साली बांधलेला महाकाली दरवाजा पाहून झाला, त्यावरची नक्षी पाहून झाली, की मुले धावतात ती तोफेकडे. नऊगजी तोफ असे तिचे नाव. मुले तिच्या तोंडात डोकावतात, मागून पुढे पावले टाकत तिची लांबी मोजतात आणि मग प्रश्नांना सुरुवात होते.

पहिला प्रश्न असतो, "एवढी लांब कशाला केली?" दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो, "फौजदाराचे रिव्हॉल्व्हर तर वीतभर असते. तेही मारतेच की!" आणि मागे उभा असलेला, एरवी फारसे न बोलणारा एखादा मुलगा तिसरा प्रश्न विचारतो, "सर, मोठी नळी कापून लहान केली तर काय होईल?"

या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक शिक्षक दचकतात आणि "नसते उद्योग नकोत" म्हणून विषय बदलतात. आमच्या मते तो बदलू नये. वऱ्हाडातल्या मुलाला बंदूक केवळ सिनेमातून माहीत असते असे नाही. तुरीत, हरभऱ्यात रानडुकरे शिरतात, रोह्यांचे कळप एका रात्रीत शेत झोपवतात. त्यासाठी जागलीला जाणारा बाप, शेजाऱ्याची परवान्याची ठासणीची बंदूक आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून केलेला आवाजाचा 'भोंगा' हे सारे त्याने जवळून पाहिलेले असते. त्याला उत्तर न मिळाल्यास तो ते स्वतः करून पाहील, आणि ही भीती खरी आहे. सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात जवळजवळ पूर्ण सापडते.

फुंकणीपासून सुरुवात

आपण तोफेऐवजी पपईचे पान घेऊ. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. दोन्ही टोके कापून मधला, साधारण एकसारख्या जाडीचा ४० सेंटिमीटर भाग घ्यावा. ओल्या कागदाची एक गोळी करावी; ती देठात अडकून बसू नये, पण गळूनही पडू नये. देठ टेबलाच्या उंचीवर अगदी आडवा धरावा, तोंडाकडच्या टोकाशी गोळी ठेवावी आणि जोरात फुंकावे. गोळी जमिनीवर जेथे प्रथम टेकेल तेथपर्यंतचे अंतर मोजावे. पाच-सहा वेळा करून सरासरी घ्यावी. मग तोच देठ कापून २० सेंटिमीटर करावा, पुन्हा मोजावे. नंतर १० सेंटिमीटर करावा. समोर कोणी उभे राहू नये आणि गोळी तोंडाशी असताना श्वास आत ओढू नये, या दोन गोष्टी आधीच बजावून सांगाव्यात.

टेबलाची उंची ८० सेंटिमीटर असेल तर आडवी सुटलेली गोळी जमिनीवर यायला सुमारे ०.४ सेकंद लागतो, मग तिचा वेग काहीही असो. म्हणजे गोळी २ मीटरवर पडली तर तिचा वेग सेकंदाला ५ मीटर. काही न विकत घेता वेगमापक मिळाला.

आता अपेक्षा काय करावी? फुंकर एकसारख्या दाबाची आहे असे समजू. गोळीवरचे बल म्हणजे दाब गुणिले नळीचे क्षेत्रफळ, आणि झालेले कार्य म्हणजे बल गुणिले नळीची लांबी. हे सारे कार्य गोळीची गतिज ऊर्जा बनते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा वेग हा लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढायला हवा. ४० सेंटिमीटरच्या देठातून गोळी जेवढी लांब जाईल, त्याच्या निम्मी १० सेंटिमीटरच्या देठातून जावी. लांबी पाव झाली, वेग निम्मा झाला.

प्रत्यक्षात आकडे असे नेमके येणार नाहीत, आणि ते का येत नाहीत यातच खरी मजा आहे. गोळीच्या कडेने हवा निसटते, देठाच्या आतल्या बाजूस घर्षण होते. मुख्य म्हणजे गोळी वेगाने पुढे पळू लागली की तिच्यामागची वाढती जागा भरायला आपले गाल पुरे पडत नाहीत आणि दाब घसरतो. एखाद्याने हातभर लांब देठ घेऊन पाहिले तर त्याला फारसा जास्त पल्ला मिळत नाही, क्वचित कमीच मिळतो. 'जितके लांब तितके चांगले' हा नियम येथेच मोडतो.

कोंडलेल्या वायूचा हिशेब

बंदुकीत फुंकणारा कोणी नसतो. दारू जळते, ठरावीक वजनाचा अतितप्त वायू तयार होतो आणि तो प्रसरण पावत गोळीला ढकलतो. नवा वायू मिळत नाही. गोळी जसजशी पुढे जाते तसतशी त्याला अधिक जागा मिळते आणि त्याचा दाब उतरतो. शिवाय काम करताना तो थंडही होतो, त्यामुळे दाब बॉइलच्या नियमापेक्षाही भराभर उतरतो.

याचा हिशेब करायला एक सोपे चित्र घेऊ. गोळी हलायच्या आधीच सारी दारू जळून गेली आणि उष्णता नळीला मिळाली नाही, असे मानू. दारूच्या वायूला लागू पडणारा घातांक सुमारे १.२५ असतो. मग वायूची जागा मूळच्या जितकी पट होईल त्या पटीचे वर्गमूळ काढायचे, त्या वर्गमूळाचे पुन्हा वर्गमूळ काढायचे आणि १ ला त्याने भागायचे. जे उत्तर येईल तेवढी ऊर्जा वायूत शिल्लक राहिली आणि बाकीची गोळीने घेतली. जागा १६ पट झाली तर १६ चे वर्गमूळ ४, त्याचे २. म्हणजे निम्मी ऊर्जा गोळीला, निम्मी वायूतच. फळ्यावर करण्यासारखे गणित आहे.

समजा, काडतुसातील दारूची जागा २ सेंटिमीटर लांब आहे आणि नळी ३० सेंटिमीटर. गोळी तोंडाशी पोचेपर्यंत जागा १६ पट होते. या नळीतून मिळणारा वेग १०० मानू. आता नळी १४ सेंटिमीटरची असती तर? जागा ८ पट, आणि गणित केल्यावर वेग येतो ९०. नळी ६ सेंटिमीटरची असेल तर जागा ४ पट आणि वेग सुमारे ७७. नळी अवघी २ सेंटिमीटर असेल तर जागा दुप्पट आणि वेग सुमारे ५६.

हे आकडे जरा निरखून पाहावेत. पहिल्यांदा आपण १६ सेंटिमीटर कापले आणि फक्त १० गमावले. पुढे ८ सेंटिमीटर कापून १३ गमावले. त्यापुढे अवघे ४ सेंटिमीटर कापले तर २० हून अधिक गेले. लांब नळीचे टोक स्वस्त असते. आखूड नळीचा प्रत्येक सेंटिमीटर महाग असतो, कारण वायूचा खरा जोर सुरुवातीच्या वितीतच असतो. गतिज ऊर्जेत पाहिले तर हाच उतार १००, ८१, ५९, ३२ असा दिसतो.

मग न वापरलेली ऊर्जा जाते कोठे? ती नळीच्या तोंडातून बाहेर पडते. दारूचा सुरुवातीचा दाब १००० वातावरणे धरला (रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात तो साधारण तेवढाच असतो), तर आपल्या ३० सेंटिमीटरच्या नळीच्या तोंडाशी गोळी सुटताना तो ३१ वातावरणांवर आलेला असेल. ६ सेंटिमीटरच्या नळीत तो अजून १७७ असतो आणि २ सेंटिमीटरच्या नळीत ४२० च्या आसपास. हा वायू एकदम मोकळा होतो, तोच तो कानठळ्या बसवणारा आवाज आणि तीच ती आग. आखूड नळीची बंदूक जास्त आवाज करते म्हणून ती जास्त जोरकस, असा समज सर्रास आढळतो. खरे तर ज्याने गोळी ढकलायची तोच वायू आवाजात वाया गेलेला असतो.

आमच्या हिशेबात एक लबाडी आहे, ती सांगून टाकतो. दारू क्षणात जळत नाही. विशेषतः जुनी काळी दारू गोळा नळीत पुढे सरकत असतानाही जळत राही, आणि त्यामुळे लांब नळीचा फायदा आमच्या गणितापेक्षा जास्त मिळे. ही गोष्ट मोजून पाहणारे पहिले लोक अठराव्या शतकातले. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात लोलकाची युक्ती सांगितली. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची, ठोकळा किती झोके घेतो ते पाहायचे आणि संवेगाच्या अक्षय्यतेवरून गोळीचा वेग काढायचा. त्याआधी गोळीचा वेग ही केवळ अटकळीची बाब होती. पुढे वुलिचच्या लष्करी अकादमीतील गणिताचे प्राध्यापक चार्ल्स हटन यांनी हीच पद्धत तोफगोळ्यांना लावली. वेगवेगळ्या लांबीच्या तोफांवर प्रयोग करून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की दारू तेवढीच ठेवून नळी लांबवली तर वेग लांबीच्या वर्गमूळापेक्षा कमी, पण घनमूळापेक्षा जास्त प्रमाणात वाढतो. पल्ला तर याहूनही कमी वाढतो, कारण वेगवान गोळ्याला हवा अधिक अडवते. तोफ दुप्पट लांब केली तर पल्ल्यात पडणारी भर जेमतेम एक सप्तमांश!

दुप्पट ओतीव धातू आणि एक सप्तमांश फायदा. नरनाळ्याच्या तोफेकडे या नजरेने पाहिले की पहिला प्रश्न अधिकच टोकदार होतो. जुन्या काळी लांब तोफ लांब मारते ही ठाम समजूत होती आणि मोजायचे साधन नव्हते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक व्यवहारी आहे. बुरुजावरची तोफ झरोक्यातून मारा करते. तिचे तोंड भिंतीच्या बाहेर गेले नाही, तर वर सांगितलेला तो तोंडाशी सुटणारा वायू आपल्याच भिंतीचे चिरे खिळखिळे करतो. किल्ल्यावरच्या तोफेला कोठे जायचे नसते, तेव्हा तिचे वजन कोणाला जड होत नाही.

वजन ज्यांना जड झाले त्यांची गोष्ट शेजारच्या गाविलगडावर घडली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि आर्थर वेलस्लीचे सैन्य चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाकडे वळले. दक्षिणेची बाजू उभ्या कड्याची. तट फोडायचा तर उत्तरेकडून, आणि तेथे जायला डोंगरातून रस्ताच नव्हता. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ डिसेंबरपासून रस्ता तयार करत करत तोफा बहुतेक अंतर माणसांच्या हातांनी ओढून नेल्या. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे उभे राहिले. एका मोर्चात १८ पौंडी गोळ्याच्या दोन आणि १२ पौंडी गोळ्याच्या तीन लोखंडी तोफा होत्या. दुसऱ्यात १२ पौंडी दोन पितळी तोफा आणि साडेपाच इंची तोंडाच्या दोन हॉवित्झर. १५ डिसेंबरला हल्ला होऊन किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला.

येथे लांबीचा प्रश्न पुरता उघडा होतो. १८ पौंडी तोफेची नळी तोंडाच्या व्यासाच्या वीसेक पट लांब आणि वजन सुमारे दोन टन. सव्वाआठ किलोचा गोळा सरळ रेषेत भिंतीवर आदळायचा आणि चिरा फोडायचा, तर वेग हवाच. तेव्हा ते दोन टन दऱ्याखोऱ्यांतून ओढण्यावाचून गत्यंतर नव्हते. हॉवित्झरची नळी मात्र व्यासाच्या पाचेक पटच. तिचे काम स्फोटक गोळा उंच उडवून तटाच्या पलीकडे टाकायचे. त्याला वेग कमी पुरतो, दारू कमी लागते, म्हणून नळी आखूड आणि एकूण धूड हलके. एकाच मोर्चात दोन्ही जातींच्या नळ्या शेजारी शेजारी होत्या. नळीची योग्य लांबी अशी वेगळी काही नसते. काम कोणते आणि वाहून कोण नेणार, यावर ती ठरते.

कापल्याने आणखी काय जाते

लांब बंदूक जाणूनबुजून आखूड केल्याचे एक गाजलेले उदाहरण पोलिसांच्या जुन्या ओळखीच्या .३०३ रायफलचे आहे. दुसऱ्या महायुद्धात जंगलात लढणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ च्या सुमारास ब्रिटिशांनी तिची एक हलकी आवृत्ती काढली. सव्वापंचवीस इंचांची नळी पावणेएकोणीस इंचांवर आणली आणि वजन किलोभर घटवले. लांबी पाव भागाने कमी झाली तरी वेग काही पाव भागाने घटला नाही. आपले गणित हेच सांगते. पण तोंडाशी आग एवढी निघू लागली की त्यावर शंकूच्या आकाराचे पत्र्याचे नरसाळे बसवावे लागले. हलकी झाल्यामुळे खांद्याला बसणारा धक्काही वाढला, आणि तो वाढणारच, कारण संवेग जवळजवळ तेवढाच आणि त्याला वाटून घ्यायला वस्तुमान कमी. ती बंदूक सैनिकांना आवडली नाही याचे नवल नाही. कारखान्यात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेल्या बदलाची ही कथा.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी काही भानगडी आहेत. त्याची काडतुसे फिरत्या चाकात असतात आणि चाक व नळी यांच्यामध्ये केसभर फट ठेवावीच लागते, नाहीतर चाक फिरणार नाही. गोळी ही फट ओलांडते तेव्हा थोडा वायू तेथूनच निसटतो. मूळची नळीही तीन-चार इंचांचीच. म्हणजे आपल्या उतारावर रिव्हॉल्व्हर आधीच महागड्या टोकाला बसलेले असते.

नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर माशी असते. नळीचे टोक गेले की माशी गेली. समजा ती पुन्हा मागे बसवली, तरी भूमिती सुटत नाही. मागची खाच आणि पुढची माशी यांत १५० मिलिमीटर अंतर असताना माशी १ मिलिमीटर सरकलेली दिसली, तर १० मीटरवर चूक ६७ मिलिमीटरची होते. अंतर ७५ मिलिमीटर केले तर तीच चूक १३३ मिलिमीटर. समरूप त्रिकोणांचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही.

नळीच्या अगदी तोंडाची कडाही फार महत्त्वाची असते. गोळीचा बुडखा या कडेपासून सुटतो त्या क्षणी मागचा दाबलेला वायू सर्व बाजूंनी सारखा सुटला पाहिजे. कडा एका अंगाला किंचित जरी तिरकी असली, तरी वायू तिकडून आधी फुटतो आणि गोळीला शेवटच्या क्षणी कोपरखळी मारतो. पपईच्या देठाचे तोंड एकदा तिरपे कापून पाहावे. कागदी गोळीचा नेम कसा बिघडतो ते सर्वांना दिसेल.

येथे एक नेहमीचा गैरसमज दूर केला पाहिजे. रायफल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात आणि त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी देतात. पुष्कळांना वाटते, नळी आखूड झाली की फेरे कमी पडतात आणि म्हणून फिरकी कमी होते. तसे नाही. फिरकी ही खाचांच्या आट्यावर आणि गोळीच्या वेगावर अवलंबून असते, नळीत किती फेरे झाले यावर नाही. .३०३ रायफलमध्ये १० इंचांत एक फेरा पडतो आणि गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. भागाकार केला तर सेकंदाला २९०० च्या वर फेरे येतात. नळीत मात्र तिचे जेमतेम अडीच फेरे झालेले असतात! चार इंची रिव्हॉल्व्हरमध्ये तर गोळी एक फेराही पुरा करत नाही, तरी तोंडातून निघताना ती भन्नाट फिरत असते. बोल्टवर आटे दोन असोत की दहा, नट एका फेऱ्यात तेवढाच पुढे सरकतो, असे सांगितले की मुलांना ते पटते.

छऱ्यांच्या बंदुकीची नळी कापली की छरे छत्रीसारखे पसरतात, हीही सिनेमातली अतिशयोक्ती. छऱ्यांचे पसरणे लांबीपेक्षा नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या थोड्याशा निमुळतेपणावर ठरते.

आता कायद्याकडे वळू, कारण तिसरा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला तो ठाऊक असलाच पाहिजे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे स्वतंत्र परवान्याशिवाय कोणत्याही अग्निशस्त्राची नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. बंदूक स्वतःची, परवान्याची असली तरीही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी द्यायच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, त्यात नळी २० इंचांपेक्षा कमी नसावी असे म्हटले आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखही तेथेच आहे. कायद्याला एवढी कठोरता का लागते ते आपल्या आकड्यांतूनच दिसते. नळी आखूड केल्याने दूरचा नेम बिघडतो, वेग काहीसा घटतो. पण १०० पैकी ५९ ऊर्जा उरली तरी ती जवळून माणूस मारायला भरपूर होते. शेतकऱ्याच्या कामाची होती ती वस्तू कामातून जाते आणि सदऱ्याखाली मात्र मावू लागते.

आणि शेवटी तो कार्बाइडचा पाइप. याबद्दल आम्हाला बंदुकीपेक्षा जास्त काळजी वाटते, कारण त्याला परवाना लागत नाही, तो मुलांच्या हाती सहज येतो आणि खेळणे म्हणून खपतो. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात या पाइप-बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे दुखावले, काहींची दृष्टी गेली. वऱ्हाडात तो वानर-डुकरे हाकलायला सर्रास वापरतात.

कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो. हवेतील बहुतेक ज्वलनशील वायू ठरावीक, अरुंद प्रमाणातच पेट घेतात. ॲसिटिलीनचे तसे नाही. हवेत तो अडीच टक्के असो की ऐंशी टक्के, ठिणगी मिळाली की पेटतो. ठिणगी पाडली आणि आवाज झाला नाही, याचा अर्थ 'दारू संपली' असा मुळीच नव्हे. ठिणगी बहुधा नीट पडलेली नसते, आणि आत कार्बाइड अजून वायू सोडतच असते. नेमके याच वेळी मुलगा "का वाजले नाही" म्हणून पाइपाच्या तोंडात पाहतो आणि पुन्हा खटका दाबतो. वर आपण पाहिले की नळीतला उरलेला सारा जोर तोंडातून बाहेर येतो. येथे तोंडासमोर डोळा असतो. त्याबरोबर कार्बाइडचे कणही उडतात. डोळ्यातील ओलाव्याशी त्यांची क्रिया होऊन चुन्याची निवळी तयार होते आणि ती डोळ्याचे बुबुळ भाजते.

शिवाय पाइप स्वतःच फुटू शकतो. शेतात पाण्यासाठी वापरतात त्या पीव्हीसी पाइपावर त्याची दाबक्षमता छापलेली असते. चार किलो, सहा किलो असे आपण म्हणतो ते दर चौरस सेंटिमीटरला. बंद जागेत ॲसिटिलीन व हवेचे मिश्रण पेटले की दाब क्षणात सुमारे दहापट होतो. उन्हात वर्षानुवर्षे पडून कडक झालेला पाइप त्यापुढे काय टिकणार! बंदुकीच्या नळीला हजार वातावरणे सोसायची असतात म्हणून ती जाड पोलादाची असते. नळीच्या भिंतीवरचा ताण हा दाब आणि नळीची त्रिज्या यांच्या गुणाकाराला भिंतीच्या जाडीने भागून मिळतो, म्हणजे रुंद तोंडाच्या पातळ पाइपावर तो सर्वांत जास्त येतो. गावठी कट्टे चालवणाऱ्याच्याच हातात फुटतात त्याचेही कारण हेच.

असा अपघात झालाच तर डोळा चोळू देऊ नये, दिसणारे कण स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपून भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा सतत धूत राहावे आणि तशाच अवस्थेत नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. हळद, तूप, दूध यांपैकी काहीही घालू नये. हे एवढे वाक्य दिवाळीच्या सुटीआधी वर्गात लिहून द्यावे, अशी आमची विनंती आहे.

नरनाळ्याला पुढची सहल जाईल तेव्हा सोबत मोजपट्टी न्यावी. 'नऊ गज' या नावावर विसंबू नये. अकबराच्या काळचा इलाही गज सुमारे ३३ इंचांचा, तेव्हा नऊ गज म्हणजे साडेसात मीटर. इंग्रजी गज धरला तर सव्वाआठ मीटर. तोफेची खरी लांबी यांपैकी कशाशी जुळते, की कशाशीच जुळत नाही? तोंडाचा आतला व्यास मोजावा आणि लांबीला त्याने भागावे. तुलनेसाठी दोन आकडे देतो, दोन्ही विजापूरचे. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली मुलुखमैदान तोफ सुमारे ४.४ मीटर लांब आणि तोंड ७० सेंटिमीटर, म्हणजे गुणोत्तर सहाच्या आसपास. तेथल्याच उपळी बुरुजावरची लांबोळकी तोफ ३० फूट ८ इंच आणि तोंड १२ इंच, म्हणजे गुणोत्तर तीसच्या वर. नऊगजी या दोघींच्या मध्ये कोठे बसते ते मुलांना काढू द्यावे, आणि जमल्यास गाविलगडावर पडलेल्या तोफाही मोजाव्यात. मोजताना तोफेवर चढू नये, ती संरक्षित स्मारकाचा भाग आहे.